मागचं सीट नसलेली गाडी

तौर मॅडमना कुठलीही गोष्ट चांगली आहे असं सांगायची सोय नव्हती. चहा चांगला झालाय म्हणावं तर त्या कप खाली ठेवून विचारायच्या, "कशापेक्षा?" नवे मॅनेजर हुशार आहेत म्हणावं, तर "कुणापेक्षा?" माझं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलो आणि मुलगी फार चांगली आहे, असं उत्साहाच्या भरात बोलून बसलो. मॅडमनी पेढा तोंडात टाकला, चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "चेक कुठाय, परतूरकर?"

चेक म्हणजे बँकेतला नव्हे. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपन्या आहेत, त्यातल्या एकीत आम्ही दोघं नोकरीला होतो. नव्या वाणाची चाचणी घेताना त्याच्या शेजारच्याच वाफ्यात एक जुनं, शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं पेरलेलं वाण लावतात. नवं कितीही जोमदार दिसू द्या, त्या जुन्याच्या शेजारी ते कसं उभं राहतं हे बघून मगच तोंड उघडायचं. त्या जुन्या वाणाला आमच्या धंद्यात चेक म्हणतात. मॅडम चाचणी विभागाच्या प्रमुख होत्या आणि त्यांच्या डोक्यात अख्खं जग असं वाफ्यावाफ्यानं लावून ठेवलेलं होतं. माझं आडनाव परतूरकर नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो. मी परतूरचा आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं.

उंच, रापलेल्या, हाडापेरानं दणकट. साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. कपाशी वेचणाऱ्या बायका पानाबोंडांनी हात खरचटू नयेत म्हणून घालतात तसा. फरक इतकाच, की बायका रानातून आल्यावर तो काढून ठेवतात आणि मॅडम मीटिंगलाही त्यातच बसायच्या. हैदराबादहून मोठे साहेब आले की आमचे मॅनेजर त्यांना हळूच सुचवायचे, आज जरा शर्टाचं बघा. मॅडम बघायच्या. म्हणजे वरचं बटण लावायच्या. शर्टाच्या एका खिशात चष्म्याचं घर आणि दुसऱ्यात हिरव्या मिरच्या. दुपारी डबा कुणाचाही खायच्या, पण मिरची स्वतःची. आणि गाडी चालवायला बसल्या की आधी चपला काढायच्या. चप्पल असली की क्लच कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. एप्रिल-मेमध्ये पेडल तव्यासारखं तापलेलं असायचं. त्या एक कचकचीत शिवी द्यायच्या आणि पाय ठेवायच्या.

ती गाडी म्हणजे कंपनीची जुनी जीप. तिची चावी मॅडमच्या खिशात कशी आली, हा किस्सा मी कंपनीत लागायच्या आधीचा, पण तो इतक्यांदा ऐकलाय की मीच तिथं होतो असं मला वाटतं. तेव्हा पुढं ड्रायव्हर बसायचा आणि त्याच्या शेजारी साहेब. साहेब नसले तर अकाउंटवाले. तेही नसले तर ड्रायव्हरचा कुणी ओळखीचा. मॅडम एम. एस्सी. झालेल्या, हुद्द्यानं अधिकारी, पण त्यांची जागा मागं. बियाण्याची पोती, फवारणीचे पंप, जास्तीचं चाक आणि मॅडम. एका सकाळी तीर्थपुरीकडच्या प्लॉटवर कपाशीच्या फुलांचं परागीकरण करायचं होतं, आणि ड्रायव्हर आलाच नाही. साहेब म्हणाले, उद्या जाऊ. फुलं काही उद्यापर्यंत थांबत नाहीत. मॅडमनी खुंटीवरची चावी काढली आणि जीप चालू केली. बापाच्या ट्रॅक्टरवर त्या लहानपणीच शिकल्या होत्या. कुणी विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं. साहेब धावत आले, पुढचं दार उघडलं, तर सीटवर पोती.

"साहेब, मागं जागा हाय," मॅडम म्हणाल्या.

साहेब मागं बसले. तीर्थपुरीपर्यंत चाक धरून बसले, असं सांगणारे सांगतात. त्या दिवसापासून चावी मॅडमच्या शर्टाच्या खिशात राहिली, मिरच्यांबरोबर.

असं सगळं असताना त्यांना नवी स्पोर्ट्स कार घ्यायची बुद्धी का झाली, हे लोक अजून मला विचारतात. मी साक्षीदार आहे. आम्ही संभाजीनगरहून परत येत होतो, मॅडम जीप चालवत होत्या. मागून एक लाल, बुटकी, जमिनीला चिकटलेली गाडी आली आणि घुमत पुढं निघून गेली. मॅडमनी तिच्या पाठीकडं पाहिलं.

"परतूरकर, तिला मागचं सीट दिसलं न्हाई मला."

"नसतंच मॅडम. स्पोर्ट्स कार ती. दोनच माणसं."

"म्हणजे बसवायचं म्हणलं तरी कुणाला मागं बसवता येत न्हाई?"

"नाही येत."

बदनापूर मागं पडलं. मग म्हणाल्या, "घ्यायला पायजे." मी हसलो, कारण मला तो विनोद वाटला.

तो विनोद नव्हता. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी जालन्याबाहेर एक प्लॉट घेऊन ठेवला होता. तेव्हा तिथं बाभळी होत्या. मग जवळून समृद्धी महामार्ग गेला आणि त्या बाभळीच्या जागेला सोन्याचा भाव आला. त्यांच्याकडं म्हणावं असं तेवढंच होतं. निवृत्तीला दोन-अडीच वर्षं राहिली होती. एकदा पगार थांबला की बँक दारात उभं करणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणजे गाडी घ्यायची तर आत्ता, नाहीतर कधीच नाही. त्यांनी प्लॉट विकला आणि दुसऱ्या दिवशी डब्यातली भाजी वाढून घेताना आम्हाला तसं सांगितलं.

बातमी तीर्थपुरीला जायला वेळ लागला नाही. पुढच्याच रविवारी त्यांचा धाकटा भाऊ भास्कर जालन्याला त्यांच्या घरी हजर झाला. मी तेव्हा चाचणीचे काही नमुने द्यायला गेलो होतो आणि नको त्या वेळी जाऊन बसलो. भास्कर गावात ग्रामपंचायतीचा सदस्य, माणूस वाईट नाही, पण बोलताना समोर सभा आहे असं धरूनच बोलायचा. बरोबर त्याची बायको शांता. तिनं बाजरीचं पीठ आणलं होतं, ते ठेवायला ती आत गेली आणि मग दाराला टेकून उभी राहिली.

"अक्का, काय ऐकून राह्यलो मी? प्लॉट इकला?"

"इकला."

"अन् गाडी घेऊन राह्यली म्हणं. लाल. एवढ्या पैशात आपल्या शेजारची तीन एकर बागायती येती!"

"येती की. मंग ती कोण कसणार? तूच ना?"

भास्करनं जरा दम घेतला. तो प्लॉट आपल्या पोराच्या नावे होणार हे त्यानं मनात कधीच लिहून टाकलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण तो चतुर होता. म्हणाला, "बरं, घे गाडी. हौस हाय तर घे. पण सात सीटरची घे ना. समदे मिळून तुळजापूरला जाऊ, लग्नकार्याला जाऊ. तुलाबी बरं, आम्हालाबी बरं."

मॅडमनी एक मिरची काढून हातात फिरवली. "सात सीटरची घेतली, तर मी कुठं बसन रे त्याच्यात?"

"म्हणजे? मी चालवीन, पाव्हणे-रावळे म्होरं बसतेन, तू अन् शांता बसशीला की मागं."

त्याला आपण काय बोललो ते कळलंही नाही. इतकं ते त्याच्या दृष्टीनं सरळ होतं. मी दाराकडं पाहिलं, तर शांता पदर तोंडाला लावून उभी होती, आणि तिचे डोळे हसत होते.

"झालं मंग," मॅडम म्हणाल्या. "पीठ चांगलं बारीक दळलंय, शांते."

भास्कर उठला. जाताना चपलेत पाय घालता घालता म्हणाला, "ती गाडी गावात आणू नको अक्का. सांगून ठेवतो. लोक आमच्या तोंडावर हसतेन."

"गाव माझंबी हाय," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी मिरची चावली.

आता दुसरा कुणी असता तर सरळ शोरूममध्ये जाऊन लाल गाडी घेऊन आला असता. पण ह्या तौर मॅडम. त्यांनी आधी चाचणी लावली.

संभाजीनगरच्या तीन शोरूमवाल्यांना त्यांनी फोन केला. ते म्हणाले, या ना, इथल्या रस्त्यावर चक्कर मारून बघा. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या रानात तुमचं वाण चांगलंच येणार. माझ्या रानात आणा." एरवी कुणी दाद दिली नसती. पण जालन्याच्या लोखंडाच्या मिलवाल्यांनी तोवर बऱ्याच भारी गाड्या घेतल्या होत्या, त्यामुळं ह्या कुणा मिलमालकाच्या घरच्या असाव्यात असा त्या लोकांचा समज झाला. मॅडमनी तो समज मोडला नाही. एका कडक उन्हाच्या सकाळी तीन चकचकीत गाड्या आमच्या गेटात येऊन उभ्या राहिल्या. एक पांढरी, जरा उंच, चार दारांची. एक निळी, दोन दारांची, मागं नावापुरती जागा असलेली. आणि एक लाल. चौथी आमची जीप. ती अर्थातच चेक.

मॅडमनी पहिलं काम काय केलं असेल, तर नमुन्याच्या पिशव्यांवर लावायचे खाकी कागद घेऊन तिन्ही गाड्यांवरची कंपन्यांची चिन्हं झाकली आणि वर क, ख, ग अशी अक्षरं घातली. आमच्याकडं चाचणीत बियाण्याचं नाव झाकतात. नाव दिसलं की माणसाचा डोळा बिघडतो. लाल गाडीबरोबर आलेला, टाय लावून घामाघूम झालेला विक्रेता कळवळून म्हणाला, "मॅडम, लोक तर त्या लोगोचेच पैसे देतात!"

"म्हणूनच झाकला."

परीक्षक तिघं. मॅडम, मी आणि आमचे मॅनेजर. सळयांचे ट्रक चालतात त्या एमआयडीसीच्या रस्त्यानं जायचं, पुढं कच्च्या वाटेनं कंपनीच्या फार्मवर जाऊन परत यायचं. गुण द्यायचे ते बसण्या-उठण्याला, खड्ड्यांना, धुळीला, उन्हाला आणि सामानाला. सामान म्हणजे दोन पोती बियाणं आणि एक पंप. लाल गाडीच्या डिकीत माझा जेवणाचा डबा मावला, पंपाचा नुसता पाइप मावला. फार्मच्या तोंडाशी तिचं पोट दगडाला लागलं आणि विक्रेत्यानं डोळे मिटले. मी आत बसलो तो बसलो, पण बाहेर येता येईना. शेवटी मॅनेजरनी एक हात धरला आणि विक्रेत्यानं दुसरा, तेव्हा मी उपटून निघालो. मॅडमचे गुडघे तर माझ्याहून जुने. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

लिंबाखाली उभं राहून त्यांनी निकाल मोठ्यानं सांगितला. सगळ्यांत वर जीप. तिच्या खाली पांढरी, मग निळी. लाल सगळ्यांत तळाला, आणि तीही चांगलीच मागं.

मॅनेजर हसले. "चला मॅडम, तुमच्याच चाचणीनं सोडवलं तुम्हाला."

ही नुसती थट्टा नव्हती. एकदा मालकांच्या आवडीचं वाण चेकच्या खाली गेलं होतं. सगळे सांगत होते, थोडं इकडं-तिकडं करा. मॅडमनी मालकांच्या समोर त्या वाणावर काट मारली होती. ज्या बाईनं तेव्हा मालकाचं ऐकलं नाही, ती आता स्वतःच्या चाचणीच्या विरोधात कशी जाणार? मलाही वाटलं, संपलं. आणि खरं सांगतो, मला वाईट वाटलं. तोपर्यंत मला ती गाडी हवी झाली होती, त्यांच्यासाठी.

मॅडम जीपच्या पायरीवर बसल्या. बराच वेळ त्या लाल गाडीकडं बघत होत्या.

"परतूरकर, चाचणी बराबर झाली. एकबी मार्क खोटा न्हाई."

"मग मॅडम?"

"चेकला हरवल्याबिगर मी वाण म्होरं जाऊ देत न्हाई. का? तर फसलं तर नुकसान शेतकऱ्याचं होतं. आपण हितं पगार घेऊन बसतो अन् त्याचं वर्ष जातं." त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "हितं नुकसान झालं तर माझं होईल. माझ्या नुकसानीचा तरी हक्क मला हाय का न्हाई?"

त्या लाल गाडीजवळ गेल्या आणि 'ग' लिहिलेला कागद त्यांनी नखानं सोलून काढला. "हीच द्या," त्या विक्रेत्याला म्हणाल्या. मला शिट्टी वाजवावीशी वाटली.

प्लॉटच्या पैशात सगळी गाडी येत नव्हती. वरच्या रकमेसाठी आम्ही बँकेत गेलो. कर्जाच्या टेबलावर एक नम्र पोरगेला अधिकारी होता. त्यानं पगाराचे कागद पाहिले, वय पाहिलं, आणि फार हळू आवाजात विचारलं, "सह-अर्जदार कोण राहील मॅडम? मिस्टर?"

"मिस्टर न्हाईत."

"मग भाऊ? भावाची सही चालेल. मुदतपण लांब करून देता येईल."

"भावाच्या सहीनं गाडी आली, तर चावी त्याच्याच खिशात जाती."

तो बिचारा ओशाळला. म्हणाला, "ट्रॅक्टर असता ना मॅडम, तर मी संध्याकाळपर्यंत पास केला असता."

"ट्रॅक्टरला मागं ट्रॉली लागती बाळा. मला मागं काहीच नको."

शेवटी एकटीच्या सहीवर, निवृत्तीच्या आत फिटेल एवढंच कर्ज मिळालं. हप्ता असा, की मॅडमनी घरची कामवाली बंद केली आणि साडी घ्यायचं सोडून दिलं. तरीही थोडी रक्कम कमी पडत होतीच. त्या मला घेऊन सराफ्यात गेल्या. तिथले शेठ मूळचे राजस्थानचे, पण पिढ्यान् पिढ्या जालन्यात मुरलेले. मराठी आमच्याहून झणझणीत बोलायचे. मॅडमनी रुमालातून पाटल्या काढून गादीवर ठेवल्या. शेठनी त्या हातात घेतल्या आणि मोडायला आणल्यात हे कळल्यावर परत खाली ठेवल्या.

"बाई, सोनं उद्याबी सोनंच राहतं. गाडी शोरूमच्या बाहेर निघाली की तिचा भाव जल्दी खाली येतो. हा बिलकुल उलटा व्यवहार हाय."

"शेठजी, ह्या आईनं माझ्या लग्नासाठी केल्त्या. लग्न केलं न्हाई, तवापासून लोकांनी माझाबी भाव खालीच केला. मी काय चालायची थांबले का?"

शेठनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मग मोठ्यानं हसले आणि पाटल्या तराजूत टाकल्या. मोडीत नेहमी धरतात ती घट त्यांनी धरली नाही. पैसे देताना इकडं-तिकडं बघून म्हणाले, "गाडी आली की आमच्या घरच्यांना एक चक्कर मारून आणा. त्या मागं बसून बसून कंटाळल्या असतेन."

गाडी घ्यायला मी बरोबर गेलो. शोरूममध्ये गाडीवर चादर, फुगे, फोटोवाला. एका पोरीनं पुठ्ठ्याची भलीमोठी चावी आणली आणि ती माझ्या हातात दिली. "अभिनंदन सर! मॅडम, तुम्ही सरांच्या जरा मागं उभ्या राहता का?" मला दरदरून घाम फुटला. माझं वय, माझी सुटलेली तब्येत आणि तौर मॅडमचा मी नवरा!

मॅडमनी शांतपणे माझ्या हातातली चावी काढून घेतली. "हे सर न्हाईत, परतूरकर हायेत. अन् मागं उभं राहायचं असतं तर मी एवढा खर्चा कशाला केला असता?" फोटोत त्या एकट्या आहेत. साडी, शर्ट, पुठ्ठ्याची चावी. शर्टाचं वरचं बटण लावलेलं.

मला वाटलं होतं आता आपण जालन्यापर्यंत उडत जाणार. कसलं काय! चपला काढून पायाशी ठेवल्या आणि मॅडमनी ती गाडी जीपच्या वेगानं चालवली. उसाची एक ट्रॉली सोडली तर सगळ्यांनी आम्हाला मागं टाकलं. एक मोटारसायकलवाला तर शेजारून जाताना वाकून आत बघत गेला, इंजिन बिघडलंय का म्हणून. मी म्हणालो, "मॅडम, पळवा की जरा." त्या म्हणाल्या, "घाई कुणाला हाय?" आणि खिडकीची काच खाली करून त्यांनी कोपर बाहेर काढलं. त्यांचा चेहरा इतका सुखी मी कधी पाहिला नव्हता. चांगलं सुगीचं वर्ष असलं तरी नाही.

महिन्यातून एकदा गावी जायचा त्यांचा नेम होता. नव्या गाडीनं जायच्या आधीच शांताचा फोन आला. एरवी ती स्वतःहून फोन करत नसे. फोन स्पीकरवर होता, आम्ही ऑफिसात होतो. ती दबक्या आवाजात म्हणाली, "अक्का, ह्यांनी घराम्होरं गतिरोधक बांधलाय. लई उंच. तुमची गाडी यायची न्हाई म्हणत्यात."

"कशासाठी बांधला म्हणून सांगतो लोकांना?"

"पोरं सुसाट जात्यात म्हणून."

त्या बोळातून भास्करचा ट्रॅक्टर आणि शेजाऱ्यांच्या म्हशी जातात. म्हशी सुसाट गेल्याचं कुणी ऐकलेलं नाही. मॅडमनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "परतूरकर, रविवारी काय करून राह्यले?"

रविवारी आम्ही तीर्थपुरीला गेलो. बोळाच्या तोंडाशी पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर माणसं जमलेली होती. भास्करनं बोलावलेली असणार. पुढं तो गतिरोधक. कसला गतिरोधक, सिमेंटचा बांधच. त्याच्या पलीकडं घर, घरापुढं अंगण, अंगणात हाताची घडी घालून भास्कर. दारात शांता, हाताला पीठ.

मॅडमनी गाडी बांधाला लावली आणि अंदाज घेतला. "परतूरकर, उतरा. तुमचं वजन नडतंय." मी उतरलो, आता मला एकट्याला उतरता येत होतं. त्यांनी गाडी तिरकी घेतली. एक पुढचं चाक चढलं, गाडी कलली. मग दुसरं. ओट्यावरचे लोक उभे राहिले. कुणीतरी "घासन, घासन" म्हणालं. आणि घासली. सिमेंटवर पत्रा घासल्याचा तो आवाज माझ्या दातांत गेला. भास्करनंही मान फिरवली. मॅडमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मागचं एक चाक, मग शेवटचं. गाडी अंगणात जाऊन उभी राहिली. मॅडमनी एकदाच हॉर्न वाजवला.

"चहा ठिव, शांता," भास्कर घाईघाईनं म्हणाला. आता तरी पाहुणचारानं वरचढ व्हावं, असं त्याला वाटलं असावं.

"चहा नको," मॅडम काचेतून म्हणाल्या. "शांते, येती का? गोदावरीच्या पुलापर्यंत जाऊन येऊ."

शांता आत गेली. मला वाटलं, गेली ती गेलीच. पण ती हात धुऊन, पायात चपला घालून बाहेर आली. भास्कर म्हणाला, "अगं, कुठं निघाली?" ती म्हणाली, "येते." इतकंच. तिनं गाडीकडं पाहिलं, बांधाकडं पाहिलं आणि मॅडमना म्हणाली, "दोघींच्या वजनानं आणखी घासन अक्का. मी चालत पलीकडं जाते." आणि नवऱ्याच्या समोरून, सगळ्या ओट्याच्या देखत, ती बाई तो बांध ओलांडून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मॅडमनी अंगणात गाडी वळवली, पुन्हा तिरकी घेतली, पुन्हा एकदा तो आवाज, आणि गाडी आमच्यापाशी आली.

तौर मॅडम पुढं निवृत्त झाल्या, मी त्यांना नंतरही कितीदा भेटलो. पण त्यांची आठवण आली की मला दिसतो तो हा क्षण. शांता गाडीपाशी गेली, आणि सवयीनं मागं गेली. मागचं दार उघडायला तिनं हात लावला. तिथं दार नव्हतं. तिचा हात त्या गुळगुळीत लाल पत्र्यावरून फिरत राहिला, कडी शोधत. मॅडम आतून वाकल्या, माझी पिशवी सीटवरून उचलून खिडकीतून माझ्या हातात दिली आणि पुढचं दार ढकलून उघडलं.

"हितं," त्या म्हणाल्या. "परतूरकर, तुम्ही एसटीनं या."

शांता बसली. पदर सावरला, पिशवी नव्हती म्हणून हात मांडीवर ठेवले, मग एक हात काढून तिनं पुढच्या काचेला लावून पाहिला. दार लागलं. गाडी बोळाच्या तोंडाशी वळली, आणि तिथून पुढं मात्र मॅडमनी ती अशी पळवली, की आवाज गिरणीच्या पत्र्यांवर घुमला आणि कोंबड्या उडाल्या.

भास्कर बांधावर येऊन उभा राहिला होता. ओट्यावरचे लोक एकेक करून पांगले. त्यानं धूळ खाली बसेपर्यंत रस्त्याकडं पाहिलं. मग, कुणाशी तरी बोलायला हवं म्हणून असेल, मला म्हणाला, "गाडी तशी चांगली हाय म्हणा."

"कशापेक्षा?" माझ्या तोंडून गेलं.

मी पिशवी खांद्याला लावली आणि एसटीच्या थांब्याकडं चालायला लागलो.